कुत्रा पट्टा ओढतो? तुमचे पाय थांबवा

कुत्रा पट्टा ओढतो, कारण ओढलं की पुढे जाता येतं हे त्याला आपणच नकळत शिकवलेलं असतं. म्हणून नियम एकच: पट्टा ताणला की पाय थांबले. मागे खेचू नका, ओरडू नका, नुसते उभे राहा. थोड्या वेळाने तो वळून बघतो, अर्धं पाऊल मागे येतो आणि पट्ट्याला मध्ये झोळ पडतो. त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा, हात आपल्या पायालगत ठेवून त्याच्या नाकाच्या उंचीवर खाऊ द्या आणि चालू लागा. हात पुढे करून खाऊ दिलात तर तो पुढेच धावायला शिकेल. बहुतेकांचं इथेच चुकतं.

खाऊ मऊ आणि वाटाण्याएवढा हवा, म्हणजे चघळण्यात वेळ जात नाही. पट्टा साधा, दीड ते दोन मीटरचा घ्या. आपोआप लांबणारा पट्टा कायम थोडा ताणलेलाच असतो, त्यामुळे सैल म्हणजे काय हे त्याला कळतच नाही.

सराव आधी घरात, मग शांत मोकळ्या जागी, गजबजलेला रस्ता सगळ्यात शेवटी. एका वेळी ५ ते १० मिनिटं पुरे. घरातल्या एकानेही घाईघाईत ओढू दिलं तर कुत्रा आणखी नेटाने ओढतो, कारण कधीतरी जमतं हे त्याने हेरलेलं असतं. आणि नीट चालला की त्याला मनसोक्त हुंगू द्या. झाडाच्या बुंध्याशी घालवलेली ती दोन मिनिटं त्याला खाऊइतकीच प्यारी असतात.