प्रक्षेपणाआधी: मदतनिधीच्या कार्यक्रमाची तयारी

रुग्णांसाठी टीव्हीवर निधी जमवणारा कार्यक्रम करायचा असेल, तर कलाकारांना पहिला फोन लावायच्या आधी कागदावर एक वाक्य लिहून घ्या: जमलेला पैसा नेमका कुणासाठी आणि कशासाठी खर्च होणार. ‘कर्करोगाशी लढण्यासाठी’ एवढं पुरत नाही. संशोधनासाठी, की उपचारांचा खर्च न झेपणाऱ्या रुग्णांसाठी, की तपासणीच्या यंत्रांसाठी? हे एकदा पक्कं झालं की पाहुणे कोण, चित्रफिती कुणाच्या, निवेदकाने काय बोलायचं, हे बरंचसं आपोआप ठरतं. फ्रान्समध्ये १९८७ पासून स्नायूंच्या आनुवंशिक आजारांसाठी ‘टेलेथॉन’, म्हणजे टीव्हीवर तासन्‌तास चालणारा निधीसंकलनाचा कार्यक्रम होतो. त्याच्या पैशातून १९९० मध्ये ‘जेनेथॉन’ ही प्रयोगशाळा उभी राहिली आणि मानवी जनुकसंचाचे सुरुवातीचे नकाशे तिथे तयार झाले. असं बोट ठेवून दाखवता येण्याजोगं काही तुमच्या संस्थेकडे असेल, तर ते कोणत्याही नृत्याच्या आधी घ्या.

मग पैशाची वाट आखा. संस्थेची नोंदणी, निधी गोळा करण्याची परवानगी, फक्त याच कार्यक्रमासाठी वेगळं बँक खातं, हिशेब तपासणारा बाहेरचा लेखापरीक्षक, हे सगळं तारीख जाहीर करण्यापूर्वी हातात हवं. स्टुडिओचं भाडं, प्रवास, मुक्काम यांचा खर्च प्रायोजक उचलणार असतील तर तसं लेखी घ्या. ‘माझ्या शंभरातले किती रुग्णापर्यंत जातात?’ असं प्रेक्षक विचारणारच, आणि फोनवर बसलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाला त्याचं सरळ उत्तर पाठ असायला हवं. वाहिनीशी जाहिरातींबद्दलही आधीच बोला. ५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत ‘स्टँड अप टू कॅन्सर’ या कर्करोग संशोधनासाठी निधी जमवणाऱ्या उपक्रमाचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वाहिन्यांनी तो एकाच वेळी, तासभर, जाहिरातींविना दाखवला. सगळ्यांना एवढं जमणार नाही, पण रुग्णाच्या चित्रफितीनंतर लगेच साबणाची जाहिरात लागू नये, इतकं तरी करारात मिळवाच.

कलाकार निवडताना त्याचा या आजाराशी काही संबंध आहे का, हे पाहा. केटी कुरिक या अमेरिकी निवेदिकेचे पती १९९८ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले. २००० मध्ये त्यांनी स्वतःच्या आतड्याची तपासणी कॅमेऱ्यासमोर करून घेतली. त्यानंतर ही तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांहून अधिक वाढल्याचं संशोधकांना आढळलं. ज्याने घरात हे दुखणं पाहिलं आहे, त्याची दोन वाक्यं पुरतात. तारखा लेखी घ्या, आयत्या वेळी कुणी आलं नाही तर त्या जागी काय, हे ठरवून ठेवा, आणि आजाराबद्दलचं प्रत्येक वाक्य डॉक्टरांच्या नजरेखालून घाला. ‘हमखास बरा होतो’ असा एक शब्द निसटला, तरी घरात बसलेला एखादा रुग्ण त्यावर विसंबतो.

आता सर्वांत जपून करायची तयारी: रुग्णांची. अमेरिकी विनोदी अभिनेते जेरी लुईस यांनी १९६६ ते २०१० अशी चाळीसहून अधिक वर्षं स्नायूंच्या आजारांसाठी टेलेथॉनचं सूत्रसंचालन केलं, अफाट पैसा जमवला. पण ज्यांच्यासाठी तो जमत होता त्यांच्यातल्याच काही जणांनी पुढे जाहीर निषेध केला. आम्हाला कीव करण्याजोगं दाखवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पूर्ण पटतं. म्हणून चित्रीकरणाला जाण्याआधी संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत, सोप्या शब्दांत तयार ठेवा. कॅमेऱ्यासमोर येण्यावर उपचारांची मदत अवलंबून नाही, हे त्यात ठळक लिहा. संकलन झालेली चित्रफीत आधी त्यांना दाखवा आणि अगदी शेवटच्या दिवशीही ‘नको’ म्हणायची मोकळीक ठेवा. मूल असेल तर आईवडिलांबरोबर त्याचंही मन विचारा; ती चित्रफीत ते मोठं झाल्यावरही इंटरनेटवर राहणार आहे. आजाराइतकंच त्या माणसाचं काम, छंद, हट्ट दिसू द्या. आणि हे मात्र विसरू नका: चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांत काही आठवडे जातात. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्या प्रत्येक घरी एका ओळखीच्या माणसाने फोन करायचा. तब्येत खालावली असेल, कुणी गेलं असेल, तर चित्रफीत दाखवायची की नाही हे घरच्यांनी सांगायचं. त्यासाठी क्रम बदलावा लागला तर बदलावा.

क्रम लावताना भावुक चित्रफितीला चिकटून विनोदी प्रवेश नको. मध्ये एखादं संथ गाणं किंवा निवेदकाचं शांत बोलणं ठेवा. त्याच वेळी लोक फोन हातात घेतात, म्हणून देणगीचा क्रमांक आणि क्यूआर कोड पडद्यावर कायम राहू द्या. एका चित्रफितीनंतर सगळे एकाच मिनिटात संकेतस्थळावर येतात. त्या भाराची चाचणी आधी करून घ्या आणि पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीला तारीख व वेळ कळवा; नाहीतर अचानक वाढलेले व्यवहार संशयास्पद समजून अडवले जातात. देणगीचा अधिकृत पत्ता एकच ठेवून तो वारंवार सांगा, कारण त्याच नावाचे खोटे दुवे फिरायला वेळ लागत नाही.

फोनच्या टेबलावर मी बसले आहे. फोन करणारा पुष्कळदा रक्कम सांगत नाही, आधी आपल्या आईबद्दल बोलतो. स्वयंसेवकांना त्याचा सराव द्या: घाई न करता ऐकणं, सल्ला न देणं, आणि गरज असेल तर समुपदेशकाच्या वेगळ्या क्रमांकावर फोन जोडून देणं. तो क्रमांक पडद्यावरही हवा. १९४९ मध्ये अमेरिकी विनोदी कलाकार मिल्टन बर्ल यांनी कर्करोग संशोधनासाठी १६ तासांचा कार्यक्रम करून सुमारे ११ लाख डॉलर उभे केले. तेव्हापासून फोनवर कबूल केलेली रक्कम हा या कार्यक्रमांचा कणा आहे. पण कबूल झालेले पैसे आणि जमा झालेले पैसे वेगळे असतात. फलकावर दोन्ही आकडे वेगळे दाखवा आणि पैसे भरायची आठवण करून देणारा निरोप दोन दिवसांत पाठवा.

बाकी गोष्टी अनुभवी चमू करतोच: गाण्यांचे हक्क, जनरेटर, जादा माइक, उपशीर्षकं, सांकेतिक भाषेचा दुभाषी, रुग्णांना विसावा घ्यायला आवाजापासून दूर खोली, व्हीलचेअर थेट मंचापर्यंत जाईल असा उतार. रंगीत तालमीत हा उतार स्वतः चढून पाहा.

दुसऱ्या दिवशीची माणसंही आजच नेमा. पावत्या कोण पाठवणार, चित्रफितींतल्या कुटुंबांना कोण भेटणार, नावं लिहा. वाहिनीशी पहिला करार करतानाच सहा महिन्यांनंतरची दहा मिनिटं मागून घ्या, किती आले आणि कुठे गेले ते सांगायला. प्रक्षेपण झाल्यावर ही वेळ कुणी देत नाही.