जीपचा मागचा अ‍ॅक्सल बदलताय? पॅड वेल्ड करण्याआधी या चुका टाळा

भंगारवाल्याकडून मागचा अ‍ॅक्सल घासाघीस करून आणला, ड्रम उघडून बेअरिंगं बघितली, क्राऊन-पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलमधल्या गिअरजोडीचे, दात चांगले निघाले, की माणूस हवेत जातो. मीही गेलो होतो. पण जुन्या जीपला दुसऱ्या मॉडेलचा अ‍ॅक्सल बसवायचा म्हटला की खरी गोम पॅडमध्ये असते. पॅड म्हणजे हाऊसिंगच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या, नळीला वेल्ड केलेली ती खोगिरासारखी बैठक, जिथे पाटे टेकतात आणि सेंटर बोल्टचं डोकं भोकात बसतं. दोन पॅडमधलं अंतर, पॅडची रुंदी, त्यांचा कोन, यातलं काहीतरी जुळत नाहीच. मग जुने पॅड ग्राइंडरने उडवायचे आणि नवे लावायचे. नवे एकदा पक्के वेल्ड झाले की पिनियन (शाफ्ट जोडला जातो तो पुढचा गिअर) कुठे बघणार आणि अ‍ॅक्सल किती सरळ बसणार, हे दोन्ही ठरून गेलं. नंतर फक्त ग्राइंडर.

सुरुवात मात्र हँडब्रेकपासून, कारण ही चूक जिवावर बेतणारी आहे. विलीज आणि सीजे-3बीसारख्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी पेटी) मागच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर असतो. तिथून मागच्या अ‍ॅक्सलला जाणारा शाफ्ट सोडला आणि गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये असेल, तर हँडब्रेक नुसत्या ड्रमला धरून बसतो, गाडीला नाही. गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही. शाफ्ट जोडलेला असला तरी एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियलमुळे दुसरं मोकळं फिरतं. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा आणि चेसिस स्टँडवर घ्या. जॅकच्या भरवशावर कोणी खाली झोपू नये.

आता माझी फजिती. जुन्या अ‍ॅक्सलवर पॅड आणि पिनियन यांच्यातला कोन मोजला, नव्यावर तोच उतरवला, डिफरन्शियलखाली जॅक देऊन पाट्यांना भिडवला आणि वेल्डरला म्हटलं, मार पक्कं. संध्याकाळी गाडी रस्त्यावर. पहिल्या गिअरमध्ये सोडली की ढडढड, आणि पन्नासच्या पुढे सीटखालून घुमणारा आवाज. शाफ्ट बॅलन्स करून आणला, फरक शून्य. काही महिन्यांत मागचा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकता सांधा, वाजायला लागला. उघडला तर कपातल्या सुया गंजाच्या भुकटीसारख्या झालेल्या.

चुका दोन होत्या. पहिली म्हणजे जुना कोन बरोबर असणार हे गृहीत धरणं. त्या अ‍ॅक्सलखाली बसलेले, चपटे झालेले पाटे होते आणि मी नवे, जास्त कमानीचे घातले होते. गाडी उंच झाली, शाफ्टचा उतार वाढला, म्हणजे जुना कोन निकामी. दुसरी चूक जॅकची. डिफरन्शियलच्या पुढच्या टोकाखाली जॅक दिला की पिनियनचं नाक वर होतं आणि आपण तोच खोटा कोन वेल्ड करून टाकतो.

कोन लावायचा तो गाडीचं पूर्ण वजन पाट्यांवर आल्यावर. पॅड नळीवर सैल ठेवा, यू-बोल्ट अंगापुरते आवळा, चाकं लावून गाडी जमिनीवर उतरवा. सीट, स्टेपनी, टाकीत पेट्रोल, सगळं जागेवर हवं. गाडी पुढे-मागे ढकलून पाटे बसू द्या. मगच ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात ते तोंड) आणि पिनियनच्या फ्लँजवर कोन मोजा. मोबाइलवरचं अ‍ॅप चालतं, पण कव्हर काढा आणि कॅमेऱ्याचा उंचवटा कडेच्या बाहेर राहील असा फोन धरा. माझा एक अख्खा तास त्या उंचवट्याने खाल्ला.

शाफ्टच्या दोन टोकांना एकेक साधा क्रॉस असेल तर नियम सोपा आहे. ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत. क्रॉस वाकून फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाने केलेली चूक दुसरा निस्तरतो. पण पाट्याच्या गाडीत जोर लागला की हाऊसिंग पिळवटतं आणि पिनियन नाक वर करतो. म्हणून उभ्या गाडीत पिनियन समांतरपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवतात. उदाहरणार्थ, ट्रान्सफर केस मागच्या बाजूला 3 अंश झुकलेली असेल, तर समांतरसाठी पिनियनचं नाक 3 अंश वर हवं. तुम्ही ते दीड-दोन अंशांवर ठेवायचं. ट्रान्सफर केसच्या तोंडाशी जोड-क्रॉसचा, म्हणजे लागोपाठ दोन क्रॉस असलेला, शाफ्ट असेल तर हा हिशोब लागू नाही. तिथे पिनियन सरळ शाफ्टच्या रेषेत बघतो, तोही जोर लागण्यापुरता किंचित खाली.

शाफ्ट आखूड असला की मोह होतो, पिनियन जरा जास्त वर करू, क्रॉसला आराम पडेल. तसं केलं तर एक टोक सुटतं आणि दुसरं मरतं. शिवाय हाऊसिंग मागे झुकल्यावर ऑइल मागे जातं आणि पिनियनचं पुढचं बेअरिंग कोरडं पडतं.

कोन जमला तरी अ‍ॅक्सल सरळ आहे असं नाही. इथे बहुतेक जण डिफरन्शियलचा गोळा गाडीच्या मध्यावर आणायला जातात. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये तो मुळात मध्यावर नसतोच, उजवीकडे सरकलेला असतो, कारण ट्रान्सफर केसचं तोंडही उजवीकडे आहे. मध्य काढायचा तो दोन ड्रमच्या तोंडांवरून. प्रत्येक ड्रमपासून त्या बाजूच्या चेसिसच्या पट्टीपर्यंतचं अंतर सारखं भरलं पाहिजे. बॉडीवरून माप घेऊ नका, जीपची बॉडी चेसिसवर तिरकी बसलेली असणं ही नवलाची गोष्ट नाही.

पुढे-मागेचं माप मी ओळंब्याने घेतो. दोन्ही बाजूंना मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगर बोल्टवरून ओळंबा सोडायचा, फरशीवर खडूने फुली मारायची. अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांवरून तशाच फुल्या. मग टेपने सरळ अंतरं आणि कर्ण. दोन्ही कर्ण जुळले तर अ‍ॅक्सल काटकोनात. नाही जुळले तर लगेच अ‍ॅक्सलला दोष देऊ नका. आधी चेसिसचे स्वतःचे कर्ण तपासा, मग पाटे. बऱ्याच पाट्यांचा सेंटर बोल्ट पाट्याच्या लांबीच्या बरोबर मध्यावर नसतो. असा एक पाटा उलटा बसला की ती बाजू सरळ पुढे किंवा मागे जाते.

आणि पॅडचं भोक. बाजारात लांबट भोकांचे, दोन-तीन भोकांचे पॅड मिळतात. एका बाजूला एक भोक, दुसऱ्या बाजूला दुसरं, असं झालं की अ‍ॅक्सल तिरका झालाच. सीजे-3बीचा व्हीलबेस 80 इंच, म्हणजे 2032 मिमी. चाकांपाशी डावी-उजवीत फक्त 5 मिमीचा फरक पडला तरी अ‍ॅक्सल जवळपास पाव अंश फिरतो. ऐकायला किरकोळ, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरायला लागतं आणि पाठीमागून येणाऱ्याला गाडी खेकड्यासारखी दिसते. दोन्ही पॅडच्या वरच्या पाठीवर कोन मोजून तेही एकमेकांशी ताडा. एक पॅड एखाद अंशाने वेगळा असेल तर यू-बोल्ट आवळताना पाटा पिळला जातो आणि बुश खातो.

पॅडची खोबण नळीला घट्ट बसली पाहिजे. फट राहिली तर वेल्डर म्हणतो, भरून काढतो. तसं करू देऊ नका, नळीच्या मापाचा पॅड आणा.

वेल्डिंगची घाई हाऊसिंग वाकवते. आधी प्रत्येक पॅडला चार टाके, मग परत सगळी मापं. अ‍ॅक्सल खाली काढा, हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे आतले दांडे) आणि सील काढून ठेवा, अर्थिंगची क्लँप वेल्डच्या अगदी जवळ लावा, म्हणजे करंट बेअरिंगांतून जाणार नाही. एकावेळी इंचभर मारायचं, मग दुसऱ्या टोकाच्या पॅडवर जायचं. हात टेकवता येईपर्यंत परत तिथे यायचं नाही. पाणी ओतून थंड करणाऱ्याला चहा आणायला पाठवा. नळी वेल्डच्या बाजूला ओढली जातेच, म्हणून शेवटी दोन्ही ड्रमच्या तोंडांमधलं अंतर पुढून-मागून आणि वरून-खालून मोजा. हाफ शाफ्ट हाताने आत सरकत नसेल तर हातोडा घेऊ नका, हाऊसिंग प्रेसवर न्या.

जोडणी करताना जुने यू-बोल्ट परत वापरू नका, ते ताणलेले असतात. नवे कर्णाच्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा. रबरी बुशाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच आवळायचे, नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आहेत ना बघा. पाट्यांवर पूर्ण भार असतानाही सरकत्या जोडात इंचभर जागा उरली पाहिजे.

एवढं करूनही गाडी थरथरत असेल तर मागचा शाफ्ट काढा, फोर-व्हील हाय टाका आणि मोकळ्या कच्च्या रस्त्यावर सावकाश फिरवून बघा. थरथर गेली तर दोष शाफ्ट, कोन किंवा मागच्या अ‍ॅक्सलमध्ये. नाही गेली तर उगाच पॅड उडवू नका, पुढे शोधा. गाडी तिरकी चालते का याची परीक्षा मात्र फुकट आहे. गॅरेजबाहेर बादलीभर पाणी ओता, चारही चाकं त्यातून काढून कोरड्या काँक्रीटवर सरळ पंधरा-वीस फूट चालवा, उतरून ओले पट्टे बघा. मागच्यांचा पट्टा पुढच्यांच्या पट्ट्याबाहेर एकाच बाजूला डोकावत असेल, तर ओळंबा परत काढा.