मांजरानं झाडपाला खाल्ला? या चुका टाळा

"आक्का, मांजरीनं फूल चावलं, पण खेळतेय चांगली. उद्या बघू का?" असा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो.

‘उद्या बघू’ ही सगळ्यात मोठी चूक. गेल्या लग्नसराईत, इथेच जळगावात, शेजारच्या वहिनींनी रिसेप्शनचा बुके घरी आणून तांब्यात ठेवला. मोठाल्या पांढऱ्या लिली. सकाळी त्यांच्या सोनीच्या नाकाला आणि पंजाला केशरी पराग चिकटलेला, हळद लागावी तसा. दोनदा ओकली, दुपारी शांत झाली. वहिनींना वाटलं, उतार पडला. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं तेव्हा तिची लघवी बंद झाली होती. मूत्रपिंडं गेली, सोनीही गेली. मांजर अंग चाटतं, म्हणून चिमूटभर परागही पोटात जातो. तांब्यातलं पाणीसुद्धा विषारी. लगेच सलाइन लागलं तर आशा असते, 18 तास उलटले की फारच थोडी उरते. माझ्या घरात लिली उंबऱ्याच्या आत येत नाही. कपाटावर ठेवूनही उपयोग नाही, मांजर तिथे पोचतंच.

दुसरी चूक घरच्या उपायांची. दूध-तूप पाजून विष उतरत नाही. ओकारी काढायला मिठाचं पाणी तर मुळीच नको, त्या मिठानंच मांजर दगावू शकतं. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेते. झटपट इलाजाच्या नादात हाताशी असलेले तास जातात, याचा मला फार राग येतो.

भरिताची कढई चाटायला देऊ नका. कांद्याची पात, लसूण शिजवले तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. हिरड्या पांढुरक्या पडतात त्या काही दिवसांनी.

कण्हेर आणि पिवळी बिट्टी थेट हृदयावर जातात. सायकस, म्हणजे ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड, यकृतावर. मनीप्लँटनं तोंडाची आग होते, लाळ गळते. सहसा जीव जात नाही, तरी डॉक्टरांना विचाराच.

मी काय करते? पराग ओल्या फडक्यानं पुसते, चावलेली फांदी पिशवीत घेते, वेळ कागदावर लिहिते आणि निघण्याआधी दवाखान्यात फोन करते. गावात गुरांचेच डॉक्टर असले तरी त्यांच्याकडे जा, सलाइन त्यांनाही लावता येतं.

आणि मांजराला हिरवं चघळायचंच असतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईसाठी पेरतो तसे मी कुंडीत मूठभर गहू पेरते. आठवड्यात कोंब वर येतात, माझ्या दोघी तिथेच बसून असतात.