रक्ताची नळी हातात घेण्याआधी

मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करून मी पुण्यात एचआयव्हीवरच्या संशोधनाच्या कामाला लागले, तेव्हा आईने दोनच प्रश्न विचारले. "पैसे किती मिळणार?" आणि जरा थांबून, "तुलाच झाला तर गं?"

आज माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या घरीही हेच विचारतात. पैशांचं आधी सांगते. सीएसआयआर-यूजीसी, डीबीटी किंवा आयसीएमआर या सरकारी संस्थांची जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची शिष्यवृत्ती, मिळाली, तर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता असा दर आहे. पीएच.डी.ची वर्षं त्यात काटकसरीने निघतात.

दुसऱ्या प्रश्नाला "काही होत नाही गं" असं उडवून लावू नका. जिवंत विषाणू वाढवायचं काम बीएसएल-3, म्हणजे कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेत, बायोसेफ्टी कॅबिनेट या हवा गाळणाऱ्या बंदिस्त कपाटाच्या आत, हातात दोन-दोन ग्लोव्हज घालून होतं. सुई आणि काच जिथे टाळता येईल तिथे टाळतात. तरीही टोचलंच, तर त्याच क्षणी वरिष्ठांना सांगायचं. प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि 28 दिवस घ्यावी लागतात. ओरडा बसेल म्हणून गप्प बसणारा विद्यार्थी मला सगळ्यात जास्त घाबरवतो.

पहिले सहा महिने तुमचा हात तयार होण्यात जातात. फायकॉल या पेशी वेगळ्या करणाऱ्या दाट द्रवावर रक्त सोडायचं असतं. नळी तिरकी धरायची आणि रक्त काचेवरून घाम ओघळावा तसं हळूच उतरवायचं. धक्का लागला की दोन्ही मिसळतात. मग नळी गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज, ब्रेक बंद ठेवून. नळी बाहेर काढली की वर पिवळसर प्लाझ्मा, तळाला लाल पेशी आणि मध्ये एक पुसट पांढरं कडं दिसतं. विषाणूने ठाण मांडलेल्या पेशी त्या कड्यात असतात. माझं कडं तीन आठवडे नीट जमत नव्हतं. जमलं त्या दिवशी जेवायचंही भान राहिलं नाही.

आता माझी चूक. एका रुग्णाच्या, औषध सुरू होण्याआधीच्या रक्तातून मी विषाणू वाढवत होते. दर आठवड्याला निरोगी दात्याच्या ताज्या पेशी घालायच्या आणि विषाणू किती वाढला हे कळायला त्याचं पी-24 प्रथिन मोजायचं. चौथ्या आठवड्यात आकडा चढायला लागला. मग दिवाळीची सुट्टी आली. परतले तर फ्लास्कमधलं केशरी-लाल माध्यम गर्द जांभळट गुलाबी झालेलं. पेशींना लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपला होता आणि वाढवलेलं सगळं वाया गेलं होतं. सुट्टीआधी काटा बघायचं काम माझं होतं.

ते परत का करता आलं नाही, हे नीट ऐका. मी सगळ्या पेशी एकदम वापरल्या होत्या, द्रव नायट्रोजनमध्ये एकही कुपी राखली नव्हती. आणि त्या बाईंचं औषध सुरू झालं होतं. आपल्याकडे 2017 पासून निदान झालं की लगेच उपचार सुरू होतात, तेच योग्य आहे. म्हणजे उपचारांआधीचं रक्त एकदाच मिळतं. नळीवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. पण दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "पहाटेच्या एसटीने आल्या होत्या हो त्या." तेव्हापासून मी पहिली कुपी गोठवते आणि मगच प्रयोग मांडते.

म्हणून माझा आग्रह आहे: प्रयोगशाळेत बसण्याआधी परवानगी घेऊन काही दिवस एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, काढा. समुपदेशक कसं बोलतात, लोक नाव पुकारल्यावर कसे दचकतात, ते बघा. शोधनिबंधातला प्रश्न बऱ्याचदा तिथेच सापडतो. भारतातला एचआयव्हीचा पहिला पुरावाही एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून मिळाला. 1986 साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला सेल्लप्पन यांनी रक्ताचे नमुने जमवले, घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि रेल्वेने वेल्लोरला तपासायला नेले. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. सोलोमन बाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. हे आपल्या मुलींना कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

पुण्यात या कामाची परंपरा मोठी आहे. 1952 पासूनची विषाणू संस्था, जिथे एम.एस्सी. व्हायरॉलॉजी शिकता येतं, आणि 1992 मध्ये सुरू झालेली भोसरीची एड्स संशोधन संस्था. लवकर औषध दिल्यास जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, हे 2011 मध्ये दाखवणाऱ्या नऊ देशांच्या चाचणीत पुण्यातली जोडपीही होती.

बायोकेमिस्ट्रीवाले, एमबीबीएसवाले, संगणकावर जनुकक्रम वाचणारे, सगळ्यांना इथे जागा आहे. भारतात विषाणूचा सी उपप्रकार सर्वाधिक आढळतो, पण जगातलं बरंच जुनं संशोधन बी उपप्रकारावर झालेलं आहे, त्यामुळे आपल्याकडचे प्रश्न शिल्लक आहेत. क्षयरोग आणि एचआयव्ही एकत्र असलेल्या रुग्णांचं काम तर हातांअभावी पडून राहतं.

येणार असाल तर हेपॅटायटिस-बीची लस आत्ताच सुरू करा, तोही रक्तातून पसरतो. तीन डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात.