लॅपटॉपवर चालतंय, सर्व्हरवर बिल्ड फेल होतोय?

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये नुकती नोकरी लागलेली मुलं मला हमखास विचारतात, "दादा, माझ्याकडे चालतंय, जेनकिन्सवरच उडतंय." जेनकिन्स असो की गिटहब अ‍ॅक्शन्स, ही साधनं तुमचा कोड सर्व्हरवर आपोआप बिल्ड करतात, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम तयार करून बघतात. त्या सर्व्हरला तुमचा लॅपटॉप दिसत नाही. रेपॉझिटरीत, म्हणजे गिटने सांभाळलेल्या टीमच्या सामायिक कोडसाठ्यात, जे पोचलंय तेवढ्यावरच तो बिल्ड करतो.

लॉगमधली, म्हणजे बिल्डच्या नोंदींमधली, पहिली एरर शोधा. खालच्या बऱ्याचशा ओळी तिच्यामुळेच आलेल्या असतात. एक्झिट कोडही बघा, म्हणजे कमांड संपताना जो आकडा देते तो. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली, पण चालवता आली नाही. स्क्रिप्टला एक्झिक्यूट परमिशन आहे का ते तपासा. १३७ आला तर आधी मेमरी बघा.

मला सगळ्यात जास्त छळलं ते फाइलच्या नावातल्या कॅपिटल-स्मॉल अक्षरांनी. हे नीट समजून घ्या, कारण लॅपटॉपवर ते दिसतच नाही. समजा, 'यूजरकार्ड' नावाच्या फाइलचं पहिलं अक्षर स्मॉल होतं, ते तुम्ही विंडोजवर कॅपिटल केलं. विंडोजला दोन्ही नावं सारखीच. तिथे गिटची 'कोअर डॉट इग्नोरकेस' सेटिंग चालू असते, म्हणून गिट स्टेटसही बदल दाखवत नाही. इम्पोर्टमध्ये तुम्ही कॅपिटल लिहिता, सगळं झकास चालतं, पुश करता. रेपॉझिटरीत मात्र नाव जुनंच राहतं. बिल्डचा सर्व्हर बहुतेकदा लिनक्सवर असतो आणि लिनक्सला ही दोन वेगळी नावं, त्यामुळे तिथे एरर येते, मॉड्यूल सापडत नाही. फाइल तर समोर दिसतेय! मॅकवरही साधारण हेच होतं.

विंडोजवरच नव्याने क्लोन करून बघाल, तर तिथेही चालेल आणि तुम्ही आणखी गोंधळाल. 'गिट एलएस-फाइल्स' ही कमांड चालवा. गिटकडे कोणतं नाव आहे ते तिथे कळतं. मग 'गिट एमव्ही' या नाव बदलायच्या कमांडने आधी तात्पुरतं तिसरंच नाव द्या, नंतर हवं ते. कोणी 'इग्नोरकेस बंद करून टाक' म्हणेल, ते ऐकू नका. गिटच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय की ती सेटिंग बदलली तर भलतंच काही होऊ शकतं.

बिल्डच्या सेटिंग्ज ज्यात लिहितात त्या यामल फाइलमध्ये पायथॉनची आवृत्ती ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलीत तर ती ३.१ होते, हेही लक्षात असू द्या. एनपीएमच्या (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारं साधन) प्रोजेक्टमध्ये सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल' नको, 'एनपीएम सीआय' वापरा. लॉकफाइल, म्हणजे पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी, पॅकेज डॉट जेसनशी जुळत नसेल तर ही कमांड तिथल्या तिथे थांबते, आणि तेच बरं.

पुन्हा पुन्हा री-रनचं बटण दाबत बसणं मला अजिबात पटत नाही. कधी हिरवं होतं, म्हणजे बिल्ड पास होतो, पण कारण तसंच राहतं आणि नेमकं रिलीजच्या दिवशी वर येतं. कीबोर्ड ओढून घेऊन दोन मिनिटांत दुरुस्त करणाऱ्या सिनियरकडून मी काही शिकलो नाही. "लॉग वाचून दाखव" म्हणणाऱ्याने मला घडवलं. असा माणूस टीममध्ये असेल तर त्याला सोडू नका.

आणि घाबरू नका. बिल्ड लाल झाला म्हणून कोणी नोकरीवरून काढत नाही. तो लाल होतो तेव्हा सर्व्हर त्याचं कामच करत असतो. मदत मागताना फक्त "फेल झालं" असं लिहू नका. पहिली एरर, शेवटचा हिरवा कमिट (कोडमधला ज्यावर बिल्ड पास झाला तो नोंदवलेला बदल) आणि त्यानंतर काय बदललं, एवढं पाठवा.