नॅनो-लोखंड आणि न्यूट्रॉन: पहिल्या बीम टाइमआधी

नॅनो-लोखंडावर पीएचडी सुरू केली तेव्हा बॉल मिल (पावडर बारीक दळणारं यंत्र) आणि व्हीएसएम (नमुन्याचं चुंबकन मोजणारं उपकरण) एवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. पण व्हीएसएमचा हिस्टेरेसिस वक्र, म्हणजे चुंबकीय क्षेत्र (फील्ड) चढवता-उतरवताना चुंबकन कसं बदलतं त्याचा आलेख, अख्ख्या नमुन्याचा मिळून असतो. दहा-वीस नॅनोमीटरच्या कणांमधून चुंबकन कुठे वळतं, हे त्यात दिसत नाही. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, म्हणून तो लोखंडात खोल शिरतो. शिवाय तो स्वतःच एक चिमुकला चुंबक आहे. सान्स, म्हणजे स्मॉल अँगल न्यूट्रॉन स्कॅटरिंग (न्यूट्रॉनचं लहान कोनांतलं विखुरणं), साधारण १ ते १०० नॅनोमीटरची रचना दाखवतं. आपल्याला हवं ते नेमकं तिथेच घडतं.

माझा पहिला बीम टाइम, म्हणजे न्यूट्रॉनच्या झोतावर मोजायला मिळालेला वेळ, मी शून्य फील्डवरच घालवला. डिटेक्टरवर भरपूर मोजणी आली आणि मी खूश होते. विश्लेषणाला बसल्यावर कळलं, की यातलं चुंबकनाचं किती आणि दाबलेल्या पावडरमधल्या पोकळ्यांचं किती, हे वेगळं करायला माझ्याकडे काहीच नाही. केंद्रकांमुळे होणारं स्कॅटरिंग फील्डनुसार बदलत नाही. तेव्हा आधी सर्वांत मोठं फील्ड लावून नमुना संपृक्त करा (सगळं चुंबकन फील्डच्या दिशेत वळवा), तो डेटा घ्या, मग टप्प्याटप्प्याने खाली या. प्रत्येक टप्प्यातून तो संपृक्त डेटा वजा केल्यावर उरतं ते फील्डपासून ढळलेल्या स्पिनचं, म्हणजे अणूंच्या चिमुकल्या चुंबकांचं. उतरण्याचा क्रम मोडू नका. लोखंडाला आधीचं फील्ड आठवत असतं.

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) आणि व्हीएसएम आधीच उरकून घ्या. विशेषतः कोबाल्ट असेल तर: न्यूट्रॉन शोषून किरणोत्सारी कोबाल्ट-६० तयार होतो, त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. तो नमुना कदाचित परत मिळणारच नाही.

यासाठी परदेशीच जायला हवं असं नाही. ट्रॉम्बेची ‘ध्रुव’ अणुभट्टी १९८५ साली सुरू झाली, तिथे सान्सची उपकरणं आहेत. विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी यूजीसी-डीएई कन्सोर्शियमच्या (विद्यापीठांना अणुऊर्जा विभागाच्या सुविधा वापरू देणाऱ्या संस्थेच्या) मुंबई केंद्रामार्फत वाट आहे. प्रस्तावात फील्डचे टप्पे आणि प्रत्येकाला लागणारा वेळ लिहा.

दुसऱ्या खेपेला मी तसंच केलं. न्यूट्रॉनला चुंबकनाचा फक्त स्कॅटरिंग सदिशाला (न्यूट्रॉन कुठे आणि किती वळला ते दाखवणाऱ्या बाणाला) लंब असलेला घटक दिसतो, त्यामुळे संपृक्त नमुन्याचं चित्र आडव्या फील्डच्या दिशेत फिकं आणि उभ्या दिशेत ठळक होतं. पहाटे फील्ड उतरवत गेले, तसतसा तो फिका भाग भरत आला.