हजार डॉलरच्या आतली वर-खाली दुनळी: क्लेसाठी आणि होल्यांसाठी

आमच्या आजोळी, संगमेश्वरकडे, मामाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची दुनळी होती. नळ्या शेजारी शेजारी, दस्त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करून यायची. वर्षातून एकदोनदा माकडं हाकलायला हवेत बार, बस. त्यामुळे डॅलसला आल्यावर ऑफिसच्या टीमबरोबर पहिल्यांदा क्ले (यंत्रातून हवेत फेकलेल्या बशीसारख्या चकत्या, त्या छर्ऱ्याने फोडायच्या) उडवायला गेलो तेव्हा मला वाटलं आपल्याला यातलं थोडंफार कळतं, आणि २५ पैकी ३ फुटल्या. तीन.

आता दोन बंदुका बदलून झाल्यात आणि दर ऑगस्टमध्ये ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "स्वस्तातली कुठली घेऊ रे?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. हे सगळं टेक्सासपुरतं आहे हां, दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले नियम बघा. आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे, तेव्हा इथली बंदूक सुट्टीत गावी न्यायची स्वप्नं बघू नका.

सगळ्यात आधी व्हिसावाल्यांसाठी, कारण हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ग्रीनकार्ड असेल तर प्रश्न नाही. एच-१बी किंवा तसल्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकही जवळ ठेवता येत नाही आणि काडतुसंही नाहीत, रेंजवर भाड्याने घेऊन उडवणंसुद्धा त्यातच येतं. याला जो अपवाद आपल्या कामाचा आहे तो म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स. म्हणजे आधी लायसन्स मग बंदूक, उलटं नाही. टेक्सासचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं आणि नवं साधारण १५ ऑगस्टपासून मिळायला लागतं, तर मधे गॅप पडू देऊ नका, कारण लायसन्स संपलं की कपाटातली बंदूकसुद्धा बेकायदा. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, ऑनलाइन होतो, एका वीकेंडचं काम आहे. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, ते तुमचं नाव एफबीआयच्या एनआयसीएस सिस्टिममध्ये चेक करतात, व्हिसावर असाल तर लायसन्स आणि आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद) बरोबर न्या. मी वकील नाही, केस जरा जरी वाकडी असेल तर वकिलालाच विचारा, पुढे ग्रीनकार्डला लफडं नको.

आता वर-खालीच, म्हणजे एका नळीवर दुसरी नळी असलेली दुनळीच का? खरं सांगायचं तर गरज नाहीये. पंप (पुढची पकड मागेपुढे ओढून काडतूस भरायची) अर्ध्या किमतीत येते, सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) खांद्याला कमी मारते. पण वर-खाली दुनळी मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, हातावर टाकली की दहा फुटांवरच्या माणसालाही दिसतं की रिकामी आहे, आणि रेंजवर नवख्या माणसाच्या हातात यापेक्षा निर्धास्त बंदूक नाही. दोन नळ्यांना दोन वेगळे चोक (नळीच्या तोंडात बसणारं नळकांडं, छर्रे किती पसरतील ते यावर ठरतं) लावता येतात, रिकामी काडतुसं शेजाऱ्याच्या अंगावर उडत नाहीत, साफ करायला पाच मिनिटं. हा प्रकार लोकप्रिय केला जॉन ब्राउनिंग या अमेरिकन बंदूककाराने, त्याची शेवटची डिझाइन ही. तो १९२६ मध्ये बेल्जियममध्ये वारला, काम मुलाने पुढे नेलं आणि १९३१ पासून सुपरपोज्ड या नावाने ती बाजारात आली. आजची सिटोरी तिचीच वारस, जपानमध्ये मिरोकूच्या कारखान्यात बनते, पण ती नवी घ्यायची तर दोन हजार डॉलरच्या वर.

आपलं बजेट हजाराच्या आत. यात बहुतेक माल तुर्कस्तानचा. कोन्या प्रांतात हुग्लू नावाचं गाव आहे, तिथे बंदुका बनवणाऱ्यांची सहकारी संस्था आहे (आपल्याकडे साखर कारखाना तसं समजा) आणि सीझेड या कंपनीच्या नावाने इथे विकल्या गेलेल्या दुनळ्या तिथूनच आल्या, त्या हजाराच्या आसपास जातात. यिल्दिझ ही ॲकॅडमी नावाच्या खेळसाहित्याच्या दुकानात मिळते, हलकी असते. ट्रायस्टारही तुर्की. स्टोगर कॉन्डॉर ब्राझीलची, पाचशे-सहाशेत येते, दिसायला ओबडधोबड, चाप जड, पण तिच्यावर हजारो काडतुसं उडवलेले लोक मला रेंजवर भेटलेत. भाव वरखाली होत असतात, दुकानात बघून घ्या. आणि दोनतीनशे जास्त टाकायची तयारी असेल तर जुनी सिटोरी शोधा, नव्या स्वस्त बंदुकीपेक्षा जुनी चांगली बंदूक कधीही बरी, हे माझं मत, भांडायला या.

पण ब्रँडवर एवढा खल करण्यात अर्थ नाही. माझी पहिली बंदूक मी नक्षी बघून घेतली होती, बाजूला चांदीसारखं चकचकीत, त्यावर पक्षी कोरलेले, लाकूड असं की बायको म्हणाली शोकेसमध्ये ठेवूया. महिनाभर गाल सुजलेला आणि दंड निळा, आणि क्ले फुटायच्या आठ नाहीतर नऊ. मी समजत होतो आपलाच नेम वाईट. मग रेंजवरच्या एका म्हाताऱ्या कोचने बंदूक माझ्या खांद्याला लावून बघितली आणि हसला, म्हणाला ही तुझ्यासाठी नाहीच. शॉटगनला रायफलसारखा मागचा साइट (नेम धरायची खूण) नसतो, तुमचा डोळा हाच मागचा साइट. दस्ता लांब, आखूड, उंच, कसाही चुकला की डोळा भलतीकडे आणि छर्रे भलतीकडे. इथल्या बंदुकांचा दस्ता, म्हणजे चापापासून मागच्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण सव्वाचौदा ते साडेचौदा इंच असतो. माझी उंची पाच फूट पाच. जॅकेट घातलं की दस्ता काखेत अडकायचा.

तर दुकानात हे करा. बंदूक मोडून रिकामी असल्याची खात्री, मग दुकानदाराला विचारून भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे बघा, डोळे मिटा, बंदूक गालाला आणि खांद्याला लावा, डोळे उघडा. गाल दस्त्याकडे वाकवायचा नाही, दस्ता गालाला आणायचा. उघडल्यावर नळीवरची रिब (लांब पट्टी) थोडीशी दिसली पाहिजे आणि टोकावरचा मणी मधोमध. नळीचा मागचा भागच दिसतोय तर दस्ता खाली पडतोय, पूर्ण रिब रस्त्यासारखी दिसतेय तर उंच आहे. पाचसहा वेळा करा, दरवेळी तेच दिसलं पाहिजे. तुमचं नाक आणि चापावरच्या हाताचा अंगठा यात दोनेक बोटं अंतर हवं, नाहीतर बार काढला की अंगठा नाकावर. लांब वाटला तर गनस्मिथ मागून कापून देतो, आखूड असेल तर जाड रबरी पॅड बसतो, दोन्ही स्वस्तात होतं. आणि कुठला डोळा जोरदार आहे ते बघा: दोन्ही हातांची खिडकी करून त्यातून लांबचा दिवा बघा, एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याने दिवा खिडकीत राहतो तो तुमचा. उजवा हात आणि डावा डोळा निघाला तर कोचकडे जा, चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून काम भागतं.

वजनाचंही तेच. १२ गेजची (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद) शिकारीची बंदूक सात-साडेसात पौंडांची असते. दुकानात हलकी बंदूक हातात घेतली की फार आवडते, पण शंभर क्ले उडवल्यावर तीच दंड सोलून काढते. दोन्ही कामं करायची असतील तर १२ गेज, २८ इंची नळी, आणि काडतुसं एक औंस छर्ऱ्यांची, हलकी. २० गेज बायकापोरांसाठी म्हणतात ते सोडा, होल्यांना (इथले डव्ह पक्षी) भरपूर होते, पण काडतुसं जरा महाग पडतात.

जुनी घेताना काय बघायचं? पुढची लाकडी पकड काढा, नळ्या बंद करून हलवा, खुळखुळ झाली तर ठेवून द्या. वरची कळ बंद स्थितीत किंचित उजवीकडे असावी, बंदूक झिजत गेली की ती मध्यावर येते आणि मग डावीकडे सरकते. उजेडाकडे धरून आतून बघा, पोचे नकोत, गंज नको. चोक हाताने फिरतात का बघा, वर्षानुवर्षं न काढलेला चोक अडकून बसतो. डमी काडतुसं घालून दोन्ही नळ्यांचा चाप दाबा. इथे एक मेख आहे: काही बंदुकांमध्ये पहिल्या बाराचा धक्का बसल्याशिवाय दुसऱ्या नळीचा चाप तयारच होत नाही, दुकानात दुसरा चाप मेलेला वाटला तर बंदूक बिघडलीय असं नाही, दुकानदाराला विचारा. मेकॅनिकल चाप असेल तर पहिलं काडतूस फुसकं निघालं तरी दुसरं उडतं, मला तेच आवडतं. आणि घेतल्यावर कोऱ्या कागदावर दोन्ही नळ्या वेगवेगळ्या उडवून बघा, स्वस्त बंदुकांत कधीकधी वरची एकीकडे मारते आणि खालची दुसरीकडे. वॉरंटी संपायच्या आत कळलेलं बरं.

चोकवर लोक तासन्‌तास बोलतात, मी दोन वाक्यांत सांगतो. खालच्या नळीत इम्प्रूव्हड सिलिंडर (जरा मोकळा चोक), वरच्या नळीत मॉडिफाइड (त्याहून घट्ट), बहुतेक बंदुकांत आधी खालची उडते, आणि होले, स्कीट, साधी स्पोर्टिंग क्ले सगळं यात होतं. ट्रॅप (क्ले समोरून दूर जाणारा खेळ) खेळायचा तर मॉडिफाइड किंवा त्याहून घट्ट, कारण तिथे क्ले लांब पळत असते. छर्रे साडेसात किंवा आठ नंबर. बदकांच्या मागे गेलात तर १९९१ पासून देशभर शिसं बंद आहे, स्टीलचे किंवा तसले शिसं नसलेले छर्रे वापरावे लागतात, आणि स्टील दबत नाही म्हणून फुल चोकमधून मारू नका.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. २० गेजचं काडतूस पिवळं असतं ते उगाच नाही. चुकून ते १२ गेजच्या नळीत गेलं तर आत घसरून अडकतं, वरून बघितलं तर नळी रिकामी वाटते, तुम्ही मागे १२ चं घालता, आणि नळी फुटते, हाताजवळ. घरात दोन्ही गेज असतील तर एका वेळी एकाच गेजची काडतुसं बरोबर न्या. खिसे उलटे करून बघा.

क्ले खेळायला डॅलसमध्ये एल्म फोर्क रेंजला जाता येतं, सॅन अँटोनियोला तर नॅशनल शूटिंग कॉम्प्लेक्सच आहे. स्कीटपासून सुरुवात करा, दोन घरांतून क्ले सुटतात, आठ जागा, २५ काडतुसं, दरवेळी क्लेचा मार्ग तोच, त्यामुळे चूक कुठे होते ते कळतं. नवखा माणूस हमखास एकच चूक करतो, चाप दाबताना बंदूक थांबवतो. क्ले पुढे जाते, छर्रे मागे. मण्याकडे बघू नका, क्लेकडे बघा, आणि चाप दाबल्यावरही हात फिरत ठेवा, बॅट्समन फॉलो थ्रू करतो तसं. कानात प्लग, डोळ्यावर चष्मा, आपला नंबर येऊन जागेवर उभं राहिल्याशिवाय बंदूक मिटायची नाही. खर्चाचं गणित आधीच करा: २५ काडतुसांची पेटी दहा डॉलरच्या आसपास, वर रेंजची फी, महिन्यातून दोनदा गेलात तरी वर्षात बंदुकीएवढे पैसे धुरात. म्हणून सगळं बजेट बंदुकीत घालू नका, दोनशे डॉलर कोचसाठी वेगळे काढा. माझ्या ८ च्या १७ झाल्या त्या त्या म्हाताऱ्यामुळे आणि कापलेल्या दस्त्यामुळे.

घरी आल्यावर नळ्या पुसा, चोक काढून थेंबभर ग्रीस लावून परत बसवा, बिजागरीला ग्रीस. तेलात बुडवू नका, आणि ठेवताना नळीचं तोंड खाली, नाहीतर तेल झिरपून दस्त्याचं लाकूड सडतं. कुलुपाचं कपाट हवंच, लहान मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत.

आणि होले. उत्तर आणि मध्य टेक्सासमध्ये १ सप्टेंबरला सीझन उघडतो, त्या दिवशी अर्धं गाव सूर्यफुलाच्या शेताच्या कडेला बादल्यांवर बसलेलं असतं, पोळ्यासारखा सण. लायसन्सवर पक्ष्यांची वेगळी एंडोर्समेंट लागते, दिवसाला १५ ची मर्यादा, सूर्य मावळला की बंद. मुद्दाम दाणे टाकून पक्षी जमवलेल्या शेतात बसू नका, ते फेडरल गुन्ह्यात मोडतं, साध्या कापणीत सांडलेले दाणे चालतात. मानेवर काळी पट्टी असलेला युरेशियन कॉलर्ड डव्ह मात्र मर्यादेत मोजत नाहीत, पण वॉर्डनला (शिकारीचे नियम तपासणारा अधिकारी) ओळखता यावा म्हणून त्याची पिसं घरी पोचेपर्यंत काढू नका. खाली उडणाऱ्या पक्ष्यावर कधीही बार नाही, पलीकडच्या बादलीवर कोणाचा तरी बाप बसलेला असतो. पक्ष्यामागे आकाश दिसलं तरच. पडलेला पक्षी आधी शोधून आणा मग दुसऱ्याकडे बघा, गवतात नजर हटली की सापडत नाही.

इथले लोक छातीचा तुकडा मिरची आणि बेकनमध्ये गुंडाळून भाजतात, चांगलं लागतं. आमच्याकडे सुकं होतं, आल्यालसणाचं वाटण, सुकं खोबरं, मालवणी मसाला, मंद आचेवर चाळीस मिनिटं. वाटण लावायच्या आधी प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून छर्रे काढा, तरी एखादा राहतोच, माझी एक दाढ गेल्या वर्षी त्यात गेली.